डेडलॉक

सध्या हॉस्टेलवर एकच विषय आहे, प्लेसमेंट. आरशासमोर उभं राहून 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं पाठांतर चालू आहे, एक ब्लेझर तिघांत फिरतोय, आणि इंटरव्ह्यू देऊन आलेल्याला धड जेवूही न देता "काय काय विचारलं रे?" म्हणून छळणं चालू आहे. या सगळ्यांचं ऐकून माझं एक मत झालंय. पटलं नाही तर मेसमध्ये भांडा! टेक्निकल राउंडमध्ये आपली बरीच मुलं कॉम्प्युटरमध्ये नापास होत नाहीत, इंग्रजीत होतात.

हे मी सांगतेय म्हणून तरी ऐका. मी कॉन्व्हेंटची, माझ्या मराठीला अजून सगळे हसतात. पण इंटरव्ह्यूत इंग्रजीचा फायदा मला फुकट मिळतो. पूल कॅम्पसला मला विचारलं, डेडलॉक म्हणजे काय? गॅल्विनच्या पुस्तकातल्या चार अटी मी धडाधड म्हटल्या: म्युच्युअल एक्सक्लुजन, होल्ड अँड वेट, नो प्रीएम्प्शन, सर्क्युलर वेट. समोरचे सर म्हणाले, "गुड." संपलं!

त्याच दिवशी पाथर्डीकडच्या आमच्या एका वर्गमित्राला तोच प्रश्न आला. "सर, डेडलॉक इज..." वर तो तीनदा अडकला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. याच मुलानं परीक्षेच्या आदल्या रात्री अर्ध्या वर्गाला डेडलॉक शिकवला होता. कसा? एक अरुंद पूल घ्या. दोन्हीकडून उसाच्या ट्रॉल्या घुसल्या. एका जागी दोन ट्रॉल्या मावत नाहीत. प्रत्येकानं अर्धा पूल अडवलाय आणि तो न सोडता उरलेला अर्धा मागतोय. मागून ओढून काढायला कुणी नाही. हा त्याच्यासाठी थांबलाय, तो ह्याच्यासाठी. झाल्या की चारही अटी! वर उपायही त्यानंच सांगितला: दोन्ही टोकांना माणूस उभा करा, अख्खा पूल मोकळा असेल तरच ट्रॉली आत सोडा. गॅल्विन मला त्या रात्री कळला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्यानं पूल पाहिलाय, मी फक्त पुस्तकाचं पान.

कुणी म्हणेल, क्लायंट अमेरिकेतला, त्याच्याशी काय मराठीत बोलणार? बरोबर आहे. इंग्रजी लागतंच, आणि तेही जरूर तपासा. त्यासाठी एचआर राउंड आहे ना? डोकं तपासायच्या राउंडला भाषेची चाळणी कशाला? आणि पुण्याहून येणारे पॅनलवाले कित्येकदा मराठीच असतात. बाहेर चहा पिताना "अजून किती राहिलेत?" म्हणतात, आत गेल्यावर त्यांचं मराठी कुठे जातं कोण जाणे.

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे कॉलेजं निघाली, ऊस आणि साखर कारखान्यांच्या मुलखात. २०२१ मध्ये एआयसीटीईनं मराठीतूनही इंजिनिअरिंग शिकवायला मान्यता दिली आणि पिंपरी चिंचवडला कॉम्प्युटरची मराठी तुकडी सुरू झाली. शिकायला मराठी चालते, मग दहा मिनिटं उत्तर द्यायला का नाही?

आपल्याकडे ट्रेनिंगच्या नावाखाली टायची गाठ, हँडशेक आणि 'माय स्ट्रेंग्थ इज हार्ड वर्क' शिकवतात. दिवसभर सगळ्यांचं तेच हार्ड वर्क ऐकून पॅनलवाल्यांना झोप येत असेल! त्याऐवजी मॉक इंटरव्ह्यूत आधी मराठीत, स्वतःच्या उदाहरणानं सांगायला लावा. मग तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत. रविवारी रात्री मेसनंतर रीडिंग रूममध्ये आम्ही हे सुरू केलंय. मागच्या रविवारी तो मित्र "सर, वन नॅरो ब्रिज, टू ट्रॉली..." पासून शेवटपर्यंत न थांबता बोलला. व्याकरणाच्या चुका मी मोजल्याच नाहीत.

आता राहिलं कॉलेजकडून कंपन्यांना जाणारं आमंत्रणाचं पत्र. टेक्निकल राउंडला विद्यार्थ्यानं मराठीत किंवा फळ्यावर आकृती काढून समजावलं तरी चालावं, एवढी एकच ओळ त्यात वाढवायची आहे. टीपीओ सरांनी पुढच्या ड्राइव्हच्या आधी तेवढं बघावं.