दाविदाचे नाव आणि रहस्यकथेचा न्याय

खूनकथेतील बायबलचे संदर्भ म्हणजे परक्या संस्कृतीची वेलबुट्टी. मराठी वाचकाने ती ओलांडून खुनी कोण एवढेच पाहावे, असे मत मराठीत सहज मांडले जाते. या मतात दोन चुका आहेत: एक मराठी वाङ्मयाविषयीची, दुसरी रहस्यकथेविषयीची.

पहिली चूक रायपूरच्या परिसरात तरी होऊ नये. भोसल्यांच्या अमलापासून येथे मराठी नांदते आहे आणि रायपूर-बिलासपूरदरम्यानच्या विश्रामपूर येथे १८६८ मध्ये ऑस्कर लोर यांचे मिशन उभे राहिले. नागपूरहून रायपूरकडे येणाऱ्या लोहमार्गावर, राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांच्या हाती १८९३ मध्ये एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार ठेवला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या अभंगांत जे बायबल मराठी झाले, ते खूनकथेत मात्र परके कसे?

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. त्याच १८९३ साली प्रसिद्ध झालेली आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द क्रुकेड मॅन’ ही कथा पाहावी. कर्नल बार्कले बंद खोलीत मृतावस्थेत सापडतो. तत्पूर्वीच्या भांडणात पत्नीने उच्चारलेले ‘डेव्हिड’ हे नाव दासीने ऐकलेले असते. कर्नलचे नाव तर जेम्स. उलगडा १८५७ च्या हिंदुस्थानात आहे. वेढ्यातून मदत आणण्यास निघालेल्या हेन्री वुडला बार्कलेने शत्रूच्या तावडीत नेणारा मार्ग सांगितला आणि पुढे त्याच्या प्रेयसीशी विवाह केला. दावीद राजाने बथशेबेसाठी उरीयाला लढाईच्या तोंडी दिले, तेच हे पाप. विशेष म्हणजे कथेत खून झालेलाच नाही. वुड समोर दिसताच बार्कले धक्क्याने मरतो. कायद्याला आरोपी मिळत नाही, तरी अपराधी मिळतो. हा निवाडा त्या एका शब्दाने केला आहे. तो गाळला, तर उरते केवळ आकस्मिक मृत्यूचे वृत्त.

प्रत्येक संदर्भ इतका भार वाहतो, असे नाही. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘ईव्हिल अंडर द सन’ (१९४१) या कादंबरीचे शीर्षक उपदेशकाच्या ग्रंथाकडे निर्देश करते. तो न ओळखणाऱ्यालाही खुनी सापडतो. परंतु अलंकार कोठे आणि कणा कोठे, हे ठरविणे हेच समीक्षेचे काम आहे. ते टाळून सारेच संदर्भ परके ठरविणे हा निव्वळ आळस होय.

होम्सलाही त्या शब्दाचा अर्थ आरंभी लागला नव्हता. एवढ्या एका शब्दावरून सारे उमगायला हवे होते, अशी कबुली तो अखेरीस देतो. मराठी समीक्षेची कबुली अद्याप बाकी आहे.