काळी गाडी आणि पिवळे फडके

काळ्या रंगाची मोटार घेऊ नका, असे मला तिघांनी बजावले होते: शोरूममधल्या विक्रेत्याने, मेव्हण्याने आणि आमच्या सौभाग्यवतीने. या तिघांचे एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. परंतु उभा जन्म काळ्या फळ्यापुढे गेल्यामुळे असेल, मला काळा रंग भारदस्त वाटतो. शिवाय हेन्री फोर्डचा दाखला होताच. 1914 पासून 1925 पर्यंत त्याने आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. हा दाखला मी घरात इतक्यांदा दिला, की अखेर ही म्हणाली, "घ्या एकदाची! पण पुसायला मला सांगू नका."

फोर्डसाहेबांना मोशीत बिऱ्हाड करावे लागले नव्हते, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. आमचे गाव पुणे-नाशिक रस्त्यावर. एका अंगाला इंद्रायणी, पुढे चाकण. तिथल्या कारखान्यांतल्या नव्याकोऱ्या मोटारी ट्रेलरवर बसून, नवरीसारख्या नटून जातात. मागे उरते ती धूळ. दगडखाणींची धूळ, नव्या इमारतींची धूळ, ट्रकांची धूळ. संध्याकाळी पुसलेली गाडी सकाळी अंगारा फासल्यासारखी दिसते.

म्हणून मी एक नेम धरला. पहाटे फिरून आलो, की पिवळे फडके घेऊन गाडी कोरडीच झटकून पुसायची. संध्याकाळी पुन्हा. ही म्हणे, "नातवाचे तोंड इतके पुसले असते, तर तो गोरा झाला असता."

सोसायटीतल्या गाड्या धुवायला मराठवाड्यातून आलेला एक मुलगा येतो. एक दिवसाआड बादलीभर पाणी, ओले फडके, महिन्याला ठरलेली रक्कम. गेल्या उन्हाळ्यात एकदा भर दुपारी मी गाडीकडे पाहिले आणि चरकलो. बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पडले होते आणि त्याभोवती कोळ्याने जाळे विणावे तसे बारीक ओरखडे, गोल गोल! मी त्या मुलाला चार लोकांदेखत बोललो. "गोल गोल फडके फिरवतोस, रंगाची वाट लावलीस," असे म्हणून त्याचे काम बंद केले. तो एवढेच म्हणाला, "काका, मी पाण्याशिवाय हात लावत नाय." मास्तरांना उलट उत्तर आवडत नसते.

दसऱ्यानंतर धाकटीच्या साखरपुड्याची तारीख ठरली आणि मी गाडी चकचकीत करून घेण्याचे मनावर घेतले. आमच्या खालच्या मजल्यावर एक फोरमन राहतात. एका मोटार कारखान्याच्या पेंट-शॉपमध्ये त्यांची हयात गेली. त्यांनी विजेरी लावून गाडीभोवती डॉक्टरसारखी फेरी मारली.

"मास्तर, हे ओरखडे गोल नाहीत," ते म्हणाले. "ते सगळ्या दिशांना आहेत. दिव्याला आडवे जातात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती जाळे दिसते. विजेरी सरकवा, जाळेही सरकेल." सरकले. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, पण पांढऱ्यावर पांढरी रेघ कोणाला दिसणार? काळ्यावर लपायला जागा नाही.

मग त्यांनी मला रंगाची अंतर्रचना समजावली. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. हे लॅकर सुमारे 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. ओरखडे त्यातच असतात. पॉलिश म्हणजे वरून काही चोपडणे, ही माझी समजूत पार चुकीची निघाली. पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचे लॅकर खरवडून सपाट करणे. दर खेपेला एखाद-दोन मायक्रॉन जातात, हात जड असला तर चार-पाच. वरून लावायचे ते मेण. ते नुसते झाकते.

"म्हणजे चकाकी शिलकीतून काढायची?" मी विचारले.

"आणि शिलकीत भर कधी पडत नाही. बरे, कोरडे फडके कोण मारते?"

मी गप्प. ते पुढे म्हणाले, "तुमच्याकडची धूळ म्हणजे काळ्या पाषाणाचा भुगा. लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. कोरडे पुसले की पॉलिश-पेपरच घासला म्हणा." मग टाचा उंचावून त्यांनी टपाच्या मध्यावर विजेरी टाकली. तिथे जाळे जवळजवळ नव्हतेच. विजेरी आरशात दिसावी तशी दिसली. माझा हात टपाच्या मध्यापर्यंत पोचत नाही. तो मुलगा उंच आहे. टप तोच धुवायचा.

पुढचे दोन दिवस आम्ही सावलीत खपलो. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहवून, मग दोन बादल्या, एक साबणाची, एक फडके खळबळण्याची. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके पडू नयेत म्हणून लगेच टिपून घेतले. मग खास चिकणमातीच्या वडीने रुतलेले कण काढले. कडांवर कागदी चिकटपट्टी, कारण तिथे थर पातळ असतो. आधी वीतभर जागेवर प्रयोग, मग मशीन. दारावर चार रेघा नखाला लागत होत्या. त्या फोरमनसाहेबांनी मुद्दाम सोडल्या. "त्या काढायला गेलो तर तळ लागेल." शेवटी मेण. संध्याकाळी बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता येऊ लागल्या. मी मोजल्या नाहीत.

तो मुलगा शेजारच्या सोसायटीत गाड्या धूत होता. मी ज्या आवाजात त्याला बोललो होतो, त्याच आवाजात, तिथल्या वॉचमनसमोर, माझी चूक सांगितली. बंद काळातले पैसे पाकिटात घालून नेले होते. ते त्याने घेतले नाहीत. "केलेल्या कामाचे द्या," म्हणाला. बराच वेळ फडके पिळत राहिला.

"येशील का परत?"

"येतो काका. पण ते तुमचं पिवळं फडकं आधी घरात ठेवा."

आता त्या फडक्याने ही फराळाचे डबे पुसते. मी सकाळी गाडीपाशी हात मागे बांधून उभा राहतो.