नागझिऱ्याची यादी

दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या एम.ए.च्या वर्गातील सात-आठ विद्यार्थी एक कागद घेऊन विभागात आले. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आम्ही नुकतेच वाचून संपवले होते आणि ते वाचून त्यांना नागझिऱ्याला जायची हुक्की आली होती. यापूर्वी यांपैकी कुणीही खऱ्या अर्थाने जंगलात गेलेले नव्हते. कागदावर यादी होती : टोप्या, तंबू, पॉवर बँक, दुर्बीण (कुणाच्या तरी मामाची), झटपट होणाऱ्या शेवयांची पाकिटे, आणि ठळक अक्षरांत 'वाघ दिसण्याची शक्यता कोणत्या महिन्यात जास्त?' मी यादी वाचली, मनातल्या मनात हसलो, आणि एका अध्यापकाने जे म्हणायला हवे ते म्हणालो : विचार उत्तम आहे, आधी नीट आखणी करा.

तेवढ्यात मागे उभी असलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, सहा महिने आम्ही कोपीतच असतो की. उघड्यावर झोपायला पैसे भरून कशाला जायचं?"

तिचे आईवडील ऊसतोड करतात. हंगाम सुरू झाला की मुकादमाकडून उचल घेऊन निघायचे, कारखान्याच्या माळावर कोपी घालायची, पहाटे चारला फडात शिरायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे. ती लहान असताना त्यांच्यासोबत असे, आता वसतिगृहात राहते. तिचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हते. मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे, आणि ओघाने पहिल्यांदाच दूरच्या अरण्यात निघालेल्या कुणाही साहित्याच्या विद्यार्थ्याने आखणी कशी करावी, याबद्दलचे माझे मतही.

आरंभ एका शब्दापासून करतो. आमच्या श्रीगोंद्याकडे 'रान' म्हणजे शेत. "बाबा रानात गेलेत" याचा अर्थ बाबा पाणी धरायला, खुरपायला किंवा ऊस तोडायला गेलेत. रान नांगरतात, रान भिजवतात, रान पडीक पडते, रानावरून भाऊबंदकी होते. साहित्याच्या पुस्तकांतले 'रान' मात्र निराळे आहे. तेथे माणूस काम सोडून जातो. एकच शब्द एकीकडे कष्टाचा आणि दुसरीकडे कष्टातून सुटकेचा. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न या दोन अर्थांच्या मधल्या फटीतून आलेला होता. शिकवताना ही फट आपण बुजवून टाकतो. 'निसर्गवर्णन' असा मथळा देतो आणि पुढे जातो. जणू निसर्ग ही सर्वांना सारखीच उपलब्ध असलेली, सर्वांना सारखीच सुखावणारी वस्तू आहे.

आता यादीतल्या वाघाकडे पाहू. नागझिऱ्याला वाघ पाहायला निघालेल्या त्या घोळक्यात मोठे मार्जारकुळातले जनावर मोकळ्यावर पाहिलेली व्यक्ती एकच होती, ती म्हणजे हीच मुलगी. ऊस तोडता तोडता फडाच्या मध्यावर बिबट्याची पिल्ले सापडणे ही आपल्या जिल्ह्यात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. घोड आणि कुकडीचे पाणी आले, माळ उसाखाली गेला, आणि उंच, दाट, वर्षभर उभा राहणारा ऊस बिबट्याला जंगलासारखाच आसरा देऊ लागला. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अभयारण्य नसलेल्या, शेतीच्या आणि दाट वस्तीच्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचे त्यातून दिसले. म्हणजे 'दूरचे अरण्य' म्हणून आपण ज्याला शोधायला निघतो त्याचा एक तुकडा बांधाला येऊन टेकला आहे. तो ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना मात्र तो पर्यटन म्हणून येत नाही, भीती म्हणून येतो.

मग नागझिऱ्याला जायचेच कशाला? आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे की, जाऊच नये. आपला माळ काय वाईट आहे? १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यातील मिळून सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले, तेव्हा श्रीगोंदा-कर्जतचा माळही त्यात होता. पुढे ते क्षेत्र पुष्कळच कमी करण्यात आले, आणि माळढोक तर आता महाराष्ट्रात दिसेनासाच झाला आहे. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. १९८० साली स्थापन झालेले, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे. पेडगावच्या किल्ल्यामागे भीमा आहे, हिवाळ्यात तिच्या पात्रावर पाणपक्षी उतरतात. "हे पाहिलेले नाही आणि निघाले गोंदियाला," असे ते म्हणतात.

त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे, ते पुढे येईलच. उरलेले अर्धे मान्य नाही, आणि त्याचे कारण माळावर वाढलेल्या डोळ्यांत आहे. आपल्याकडे नजर क्षितिजापर्यंत धावते. कोस-दीड कोसावरची धूळ पाहून कुणाची गाडी आली ते आपण सांगतो. दाट जंगलात ही नजर वीस-पंचवीस पावलांवर अडते. ऐन, धावडा, तेंदू, बांबू यांच्या भिंतीपलीकडे काय आहे ते डोळ्यांना कळत नाही, कानांना कळते. चितळाची इशारत, वानराचा खेकसल्यासारखा आवाज, वाळल्या पानांवरचे पाऊल. माळावरच्या माणसाला तेथे आपले सर्वांत भरवशाचे इंद्रिय बाजूला ठेवावे लागते. हा अनुभव रेहेकुरीला मिळणार नाही. तेवढ्यासाठी दूर जाणे योग्य आहे.

शिवाय माडगूळकर स्वतः कुठले? माणदेशचे. 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) लिहिणारा हा लेखक आपल्यासारख्याच दुष्काळी, उघड्याबोडक्या मुलखातला. तो बंदूक घेऊन रानात फिरला आणि पुढे ती त्याने खाली ठेवली. नागझिऱ्यात तो बारीकसारीक गोष्टी इतक्या नेमकेपणाने टिपतो त्यामागे चित्रकाराचे डोळे आहेतच, पण मला वाटते, त्याआधी मेंढरांच्या मागे चालणाऱ्यांना पाहिलेले डोळेही आहेत. जेथे थोडेच उगवते तेथला माणूस प्रत्येक उगवलेल्या गोष्टीची नोंद घेतो. श्रीगोंद्याच्या विद्यार्थ्याला ही तयारी जन्मतः मिळालेली असते. पण ती तयारी आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. मागासलेपणाची खूण म्हणूनच तो ती लपवत असतो.

म्हणून माझी आखणी अशी. पहिली गोष्ट : पुस्तकातला नागझिरा आज मिळणार नाही, हे आधीच मान्य करावे. माडगूळकर गेले तेव्हा ते भंडारा जिल्ह्यातले एक आडबाजूचे अभयारण्य होते. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. आता एकट्याने, पायी, मन मानेल तसे हिंडता येत नाही. नोंदणी, ठरलेले वाहन, ठरलेला मार्गदर्शक, ठरलेली वेळ, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. हे निर्बंध जाचक वाटतील, पण जंगल टिकले आहे ते पुष्कळसे त्यांच्यामुळेच. ज्याला एकांत हवा आहे त्याने तो वाहनात बसूनच, तोंड मिटून मिळवायला शिकावे.

दुसरी गोष्ट : आधी तालीम. नागझिऱ्याच्या महिनाभर आधी एक दिवस रेहेकुरीला जावे, एक पहाट पेडगावला नदीकाठी काढावी. प्रत्येकाजवळ वही असावी, कॅमेरा नको. पक्ष्याचे नाव पुस्तकात शोधण्याआधी ते वाटेत भेटलेल्या मेंढपाळाला विचारावे. ज्येष्ठ सहकाऱ्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे ते येथे. ज्याला आपल्या बांधावरच्या चार गवतांची नावे सांगता येत नाहीत तो नागझिऱ्यात जाऊन फक्त 'हिरवेगार' एवढेच लिहील.

तिसरी गोष्ट प्रवासाची. दौंड-मनमाड लोहमार्ग आपल्या तालुक्यातूनच जातो आणि कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस त्याच मार्गाने थेट गोंदियाला पोहोचते. दौंडला किंवा अहिल्यानगरला रात्री बसावे आणि दुसरा अख्खा दिवस खिडकीशी घालवावा. खानदेशातली केळी, वऱ्हाडातला कापूस, नागपूरच्या पुढे भाताच्या बांध्या : महाराष्ट्र किती रुंद आहे हे नकाशावरून कळत नाही. साधारण डब्याने गेल्यास खर्चही आवाक्यात राहतो. काळ फेब्रुवारीचा धरावा. थंडी ओसरलेली असते, विदर्भातला उन्हाळा सुरू व्हायचा असतो आणि परीक्षा लांब असतात. कपडे मळकट रंगांचे, पूर्ण बाह्यांचे. डासांपासून बचावाची आणि नेहमीच्या औषधांची सोय स्वतःची स्वतः करावी. निदान तीन दिवस हाताशी असावेत. एका फेरीत वाघ पाहून परतणे म्हणजे कादंबरीचे शेवटचे पान वाचून तिच्यावर अभिप्राय देण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो मुलूख झाडीपट्टीचा आहे. तेथे झाडीबोली बोलली जाते, दंडार होते, रात्र रात्र नाटके रंगतात. झाडीबोलीचा अभ्यास आयुष्यभर करणारे डॉ. हरिश्चंद्र बोरकर ज्या साकोलीचे, ती साकोली नागझिऱ्याच्या वाटेवर आहे. मारुती चितमपल्ली त्याच परिसरात, नवेगावला, वनाधिकारी होते. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या पक्षिज्ञानाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. पण मराठीच्या विद्यार्थ्याने विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे : 'सारंगागार'सारखे शब्द मराठीला देणाऱ्या या माणसाने शब्द गोळा केले कुणाकडून? जंगलात काम करणाऱ्यांकडून, मासे धरणाऱ्यांकडून, गावच्या जाणत्यांकडून. म्हणून तीनपैकी एक दिवस गाभ्यात न जाता जंगलालगतच्या गावात घालवावा. मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जे पहाटे जंगलात शिरतात त्यांच्याशी बोलावे. पहाटे चारला फडात शिरणाऱ्यांची मुलगी आपल्याबरोबर असेल तर तिला पुढे बसवावे. काय विचारायचे ते तिला आपल्यापेक्षा अधिक कळेल.

येथे मला तिच्या प्रश्नाचे उत्तर थोडेसे गवसते. उघड्यावर झोपण्यात काही थोर नाही. निसर्गाच्या सान्निध्यात राहणे म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो ते अनेकांच्या वाट्याला नाइलाज म्हणून आलेले असते, आणि तो नाइलाज आपण तंबूच्या खेळात रूपांतरित केला तर त्यांनी आपल्याकडे आश्चर्याने पाहणे अगदी रास्त आहे. पण तिने आजवर जे रान पाहिले ते कोयता हातात घेऊन उभ्या असलेल्यांच्या शेजारून पाहिले. जेथे आपल्याकडून कुणाला काही काम करून घ्यायचे नाही, अशा ठिकाणी नुसते पाहत बसण्याचा तीन दिवसांचा अवकाश तिला कधी मिळालेला नाही. तो मिळण्याचा तिचा हक्क शहरातल्या कुणाहूनही कमी नाही. उलट, पाहिलेले सांगायला तिच्याजवळ शब्द अधिक आहेत. मराठीतले अरण्यवाङ्मय बहुतांशी वनाधिकाऱ्यांनी, शिकाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी लिहिले. ते मोलाचे आहे. परंतु ज्यांच्या घरातल्यांना बिबट्या कामाच्या जागी भेटतो त्यांनी अजून फारसे लिहिलेले नाही. अशा सहलीतून चार वह्या जरी भरल्या, तरी मला ते पुरे आहे.

अर्थात, त्यासाठी ती आमच्याबरोबर येऊ शकली पाहिजे. म्हणून यादीत मी एकच भर घातली : वर्गणी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे द्यावी, उरलेले विभागातील आम्ही अध्यापक भरू, आणि कुणी किती दिले हे कुणाला कळू नये. या सूचनेवर विद्यार्थ्यांनी वाद घातला नाही. वाद झाला तो तंबूवरून. अखेर तंबू रद्द झाला. दुर्बीण राहिली, शेवयांची पाकिटे राहिली, 'नागझिरा'ची एक प्रत वाढली, आणि वाघाच्या प्रश्नासमोर कुणीतरी पेन्सिलीने लिहिले, 'दिसला तर दिसला.'

तिला मी स्वतंत्रपणे विचारले, येणार का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "येते सर. पण झोपायला पक्क्या छताची खोली बघा."

खोलीची चौकशी सुरू आहे.