'आता घरीच आहेस ना?'

नोकरी गेली की भोवतीची माणसं दोन गोष्टी सांगतात. पहिली, 'होतं ते चांगल्यासाठीच.' दुसरी, 'आता तुला तुझ्या आवडीचं काहीतरी करता येईल बघ.' पुस्तकांतून, भाषणांतून आणि हल्ली मोबाइलवर सकाळी येणाऱ्या संदेशांतूनही हेच ऐकू येतं. नोकरी जाणं म्हणजे संकट नाही, संधी आहे म्हणे! हे सांगणाऱ्याचा पगार मात्र त्या महिन्यात नेमानं जमा झालेला असतो.

मी या वाक्याच्या विरोधात नाही. त्यात तथ्य आहे, असंच माझं मत आहे. पण बाईच्या बाबतीत या वाक्याला एक मोठी अट आहे आणि ती कुणी बोलत नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी आमच्याकडचं सांगते. जळगाव जिल्हा केळीसाठी ओळखला जातो, तसा एके काळी पतसंस्थांसाठीही ओळखला जायचा. गावोगावी, चौकाचौकात पतसंस्था. केळीचे पैसे आले की शेतकरी तिथं ठेवायचा, निवृत्त मास्तर फंडाची रक्कम तिथं ठेवायचे. गेल्या वीस वर्षांत त्यातल्या कितीतरी अडचणीत आल्या. ठेवीदारांचे मोर्चे निघाले, संचालकांवर खटले झाले, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पण काउंटरवर बसणाऱ्या मुलींचं, दारोदार फिरून रोजचे वीस-पन्नास रुपये गोळा करणाऱ्या पिग्मी एजंट बायकांचं काय झालं, याची बातमी तुम्ही वाचलीत का? मी तरी वाचली नाही. मी त्यांच्यातलीच एक. सावद्याला एका पतसंस्थेत सतरा वर्षं कॅश सांभाळली. शटर कायमचं खाली आलं तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. शेवटच्या पाच महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच.

पगारापेक्षा दुसरी गोष्ट जास्त जड गेली. मोठ्या शहरात नोकरी गेली तर शेजारच्या फ्लॅटलाही कळत नाही. इथं आठवडे बाजारात भाजी घेताना म्हातारी माणसं हात धरायची. "ताई, पावतीवर सही तुमची आहे. आमचे पैसे कधी?" त्यांचं काय चुकलं? त्यांना संचालक कधी दिसलेच नव्हते, दिसले होते ते माझे दोन हात, नोटा मोजून घेणारे. अशा दिवसांत 'आता तुझे छंद जोपास' असं कुणी म्हटलं की हसावं की रडावं, कळत नाही. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की संधीची भाषा करण्याआधी धक्का बसलेल्या बाईला चार महिने नुसतं बसू द्या.

दुसरं, पैशाचं. बायका इथं फार भिडस्त असतात. 'गेलं ते गेलं' म्हणून उठून येतात. तसं करू नका. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल, तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणं ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले. त्यांत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळण्याची सोय आहे. कपात झालेल्या कामगाराला नवं काम शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या पगाराएवढी वेगळी रक्कम मिळण्याचीही तरतूद आहे. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाचा नंबर ही कागदपत्रं घरात एका पिशवीत नीट ठेवा. आणि फंडाचे पैसे हातात आले की भाचा, पुतण्या, जावई यांपैकी कुणीतरी 'मामी, एक चांगला प्लॉट आहे' म्हणत येतोच. त्याला चहा पाजावा आणि पाठवावं.

आता मूळ मुद्द्यावर येते. पुरुषाची नोकरी गेली की घर दबकून वागतं. त्याला चहा वेळेवर मिळतो, मुलांना 'पप्पांना त्रास देऊ नका' असं सांगितलं जातं. त्याच्या मनावर परिणाम होईल म्हणून सगळे जपतात, आणि जपायलाच हवं. बाईची नोकरी गेली की तिसऱ्या दिवशी कामवाली बंद होते. का? तर 'आता घरीच आहेस ना?' या एका वाक्यात बाईचा सगळा दिवस संपतो. गॅसचा सिलिंडर घ्यायला कोण थांबणार? तू घरीच आहेस ना. सासूबाईंना भुसावळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोण नेणार? तू घरीच आहेस ना. जावेच्या मुलांचे डबे, नणंदेचं बाळंतपण, उन्हाळ्यात अख्ख्या भावकीचे बिबडे आणि उडदाचे पापड... सगळं 'घरीच आहेस' या खात्यात जमा! नोकरीत असताना आठ तास तरी पगारी होते. नोकरी गेल्यावर सोळा तास बिनपगारी होतात. त्याला संधी म्हणायचं?

साने गुरुजींचं उदाहरण आमच्या भागात नेहमी दिलं जातं. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरून घेतली आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. नोकरी सुटल्यावर माणूस काय करू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण खान्देशात दुसरं सापडणार नाही. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट म्हणते. तुरुंगात कष्ट होते, हाल होते, पण संध्याकाळी पाहुणे येणार आहेत म्हणून वही मिटावी लागत नव्हती. आईवर इतकं सुंदर पुस्तक लिहिलं गेलं. त्या आईला स्वतःला काही लिहायचं असतं, तर तिनं कुठे बसून लिहिलं असतं?

मुंबईच्या गिरण्यांचंही तसंच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यावर पुस्तकं आली, नाटकं-सिनेमे आले. पण त्या कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचाही धंदा त्याच दिवसांत बसला. गिऱ्हाईकच गावाकडे निघून गेलं होतं ना! ती मात्र कुणी 'बेकारी' म्हणून मोजली नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढून या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली होती, म्हणून निदान काही जणींच्या पाठीशी कुणीतरी उभं होतं.

'आवडीचं काम' म्हणजे काय, याचीही लोकांची एक ठरलेली यादी असते. आमच्याकडे पहिला सल्ला, 'केळीचे वेफर्स कर.' दुसरा, 'पापड-मसाले कर.' तिसरा, 'ब्यूटी पार्लर', चौथा 'शिकवण्या'. यात वाईट काही नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, माझ्या ओळखीच्या दोघीजणी वेफर्सवर घर चालवतात आणि छान चालवतात. पण ही आवड नव्हे, हा धंदा आहे. त्याला भांडवल लागतं, गिऱ्हाईक लागतं, आणि एका गल्लीत चार जणींनी एकच कढई चढवली तर चौघींचंही तेल जळतं. बाईनं पैसे न देणारी एखादी गोष्ट करायची म्हटली, की लगेच तिला 'टाइमपास' म्हणतात. नवरा तासन् तास क्रिकेट बघतो त्याला कुणी टाइमपास म्हणत नाही, ते त्याचं रिलॅक्स होणं असतं!

माझा टाइमपास म्हणजे दोनशे पानी वह्या. हिशेबाची सवय होती, रकाने आखायची सवय होती. पतसंस्थेत होते तेव्हा खेड्यांतून येणाऱ्या म्हाताऱ्या लेवा गणबोलीत बोलायच्या, त्यातले कितीतरी शब्द आमच्या मुलांना कळतच नाहीत. जात्याला आमच्याकडे घरोट म्हणतात, बहिणाबाईंच्या गाण्यात तो शब्द आहे म्हणून निदान शाळेत तरी पोचला. बाकीच्यांचं काय? नोकरी गेल्यावर मी ते शब्द लिहून ठेवायला लागले. कळण्याची भाकरी करताना कुठल्या क्रियेला काय म्हणतात, केळीच्या बागेत बाया एकमेकींना काय हाका मारतात, लग्नात हळदीच्या दिवशी काय म्हणतात. डाव्या रकान्यात शब्द, मधे अर्थ, उजवीकडे कुणाकडून ऐकला आणि कुठल्या गावात. सुरुवातीला म्हाताऱ्या हसायच्या. "काय करू राह्यली व माय? याचे पैसे भेटता का?" नाही भेटत, आजी. मग त्याच तासभर बोलायच्या. पावतीवरच्या सहीबद्दल हात धरणाऱ्या एक आजीच मला सगळ्यात जास्त शब्द देऊन गेल्या.

याचा उपयोग काय, हे मला अनेकांनी विचारलं. मी त्यांना बहिणाबाईंचंच सांगते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरातल्या माणसांनी ती गाणी वेळोवेळी कागदावर उतरवली, बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं ते १९५२ मध्ये. उतरवून घेताना त्यातून चार पैसे मिळतील म्हणून कुणी बसलं होतं का? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातली एकेक ओवी कुणीतरी अशाच रिकाम्या वेळी सांगितली आणि कुणीतरी वहीत लिहिली. माझ्या वह्यांची तुलना त्यांच्याशी नाही हो, पण जात एकच!

माझी नणंद बीएसएनएलमध्ये होती. ३१ जानेवारी २०२० ला देशभरातल्या अठ्ठ्याहत्तर हजारांवर लोकांनी एका दिवशी व्हीआरएस घेतली, त्यात तीही. प्रवास करायचा, हे ठरलेलं. मार्चअखेरीस लॉकडाउन लागला आणि सगळं घर तिच्याभोवती येऊन बसलं. दीड वर्ष तिनं फक्त पोळ्या लाटल्या, हे तिचंच वाक्य. मग एक दिवस तिनं जाहीर केलं, सकाळी नऊ ते अकरा मी कुणाची नाही. ती आता सावदा, फैजपूर, यावल भागातल्या जुन्या घरांचे कोरीव लाकडी दरवाजे पेन्सिलीनं काढते. घरं पाडली जातायत भराभर, त्यामुळे तिला घाई आहे. नवरा सुरुवातीला चिडला, आता स्कूटरवर सोडायला जातो. माझ्याबरोबरच नोकरी गेलेल्या एकीनं पंचेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. नोकरीसाठी नाही, राहून गेलं होतं म्हणून.

या तिघींच्यात एक गोष्ट सारखी आहे. आम्ही तिघींनी आवड नंतर शोधली, वेळ आधी मागून घेतला. अट म्हणाले होते ती हीच. पुढं काय करायचं ते सुचतं हो, मोकळा तास मिळाला की सुचतंच. पण तो तास घराकडून मागावा लागतो, तोंडानं, स्पष्ट शब्दांत. मनातल्या मनात मागितलेला कुणी देत नाही. आणि घरात पहिले दोन महिने कुरबुर होणार, हे धरून चालावं. ज्यांच्या घरी चूलच दुसऱ्या दिवशीच्या मजुरीवर पेटते, त्यांना हे सांगण्यात अर्थ नाही, त्यांना आधी काम हवं. मी बोलतेय ते दोन वेळचं भागतं तरी दिवस स्वतःचा नाही, अशा माझ्यासारख्या बायकांबद्दल. आणि अशा आपण पुष्कळ आहोत.

गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून घरी आली ती परत गेलीच नाही. आयटीतली नोकरी, कपातीत नाव आलं. वय सत्तावीस. पहिल्या आठवड्यात तिला तीन स्थळं सुचवून झाली, 'आता घरीच आहे ना' म्हणून. तिला आपल्या भागातल्या केळीबागांवर लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायचं आहे. छापेल कोण, विकेल कोण, तिला माहीत नाही, मलाही नाही. दर अर्ध्या तासानं कुणीतरी दार ढकलून आत यायचं. शेवटी माझ्या वहिनीनं सुतार बोलावला आणि तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. दीडशे रुपये लागले. सासूबाई अजून विचारतात, "कडी कशाला?"

वहिनी सांगते, "ती कामात आहे."