दया नको, कायदा हवा

भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात रोजंदारीवर राबणाऱ्या एखाद्या कामगाराच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होतो, तेव्हा त्या घरावर दोन संकटे एकदम कोसळतात. एक रोगाचे आणि दुसरे रोजगाराचे. पश्चिम रेल्वेने प्रभादेवीला उतरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे आणि हा क्रम दोन-तीन वर्षे चालवायचा, म्हणजे आई-बापांपैकी एकाची मजुरी बुडालीच. रुग्णालयाने सवलत दिली तरी ही मजुरी कोण भरून देणार?

मुलांचे बहुतेक कर्करोग योग्य उपचारांनी बरे होऊ शकतात, म्हणूनच हा प्रश्न अधिक बोचणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोर या रोगाने ग्रासले जातात. श्रीमंत देशांत त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक बरे होतात, तर अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. उशिरा होणारे निदान, न मिळणारी औषधे आणि पैशाअभावी अर्ध्यावर सुटणारे उपचार ही त्याची कारणे आहेत. ही तफावत निसर्गाने नव्हे, अर्थव्यवस्थेने निर्माण केली आहे.

बालरुग्णांची संख्या थोडी, म्हणून औषध कंपन्यांना त्यांच्यासाठी संशोधन करण्यात नफा दिसत नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरालाही हे मान्य करावे लागले. अमेरिकेने २०१४ मध्ये कायदा करून राजकीय पक्षांच्या अधिवेशनांचा सरकारी निधी बंद केला आणि बालरोग संशोधनासाठी दहा वर्षांत १२ कोटी ६० लाख डॉलरची तरतूद केली. २०१८ च्या दुसऱ्या कायद्याने बालकर्करोगाच्या नोंदणीला आणि बऱ्या झालेल्या मुलांच्या पुढील देखभालीला बळ दिले.

आपल्याकडे काय घडते? मार्च २०२३ मध्ये एका बालिकेच्या परदेशी औषधावरील कर माफ व्हावा म्हणून एका खासदाराला अर्थमंत्र्यांना पत्र लिहावे लागले. जुलैमध्ये जीएसटी परिषदेने वैयक्तिक वापरासाठी आयात होणाऱ्या त्या औषधावरील कर सरसकट माफ केला. हे योग्यच झाले. पण कर गेला, किंमत राहिली. आणि प्रत्येक बालकाला पत्र लिहिणारा खासदार कोठून मिळणार?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची मर्यादाही ५ लाखांवर गेली आहे. परंतु शासन निर्णयाने आलेली योजना शासन निर्णयानेच आखडता येते. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे आणि राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने एवढे तरी करावे : प्रत्येक बालकर्करोगाची सक्तीची नोंद, संपूर्ण मोफत उपचार, पालकांना निवास, प्रवास व बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि संशोधनासाठी स्वतंत्र निधी.

पैसा कोठून आणायचा, हा आक्षेप टिकणारा नाही. १९४१ मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिलेले परळचे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारने हाती घेतले, ते देश आजच्याहून कितीतरी गरीब असताना. दानाचे रूपांतर सार्वजनिक जबाबदारीत करण्याचे ते पहिले पाऊल होते. दुसरे अद्याप पडायचे आहे.

मीरा-भाईंदरच्या चाळींतून आजारी मुलासाठी वर्गणी जमवणारा कार्यकर्ता स्तुतीस पात्रच आहे. मात्र त्याच दारी त्याने या कायद्याच्या मागणीवर सह्याही घ्याव्यात. वर्गणीने एक मूल वाचेल. कायद्याने कोणाच्याही मुलाला वर्गणीची वाट पाहावी लागणार नाही.