बंगल्याची पाटी आणि रामकुंडावरची वही

बंगल्यांची नावे वाचीत हिंडणे हा माझा जुना छंद आहे. संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडावे, कॉलेज रोडवरून गंगापूर रस्त्याला लागावे आणि दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचीत सावकाश चालावे. ‘समाधान’, ‘कृतार्थ’, ‘मातृछाया’, ‘गोकुळ’. अलीकडे बरेच बंगले पाडून तिथे सात सात मजल्यांच्या इमारती उठल्या. पण नावांचा थाट तोच राहिला. इतक्या वर्षांत कोणा घरधन्याने आपल्या वास्तूला ‘कुरबुर’ किंवा ‘अबोला’ असे नाव दिलेले काही मला आढळले नाही. आणि देऊही नये म्हणा! पाटी असते ती येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. आत काय आहे ते आत राहणाऱ्यांना ठाऊकच असते, अशी आपली समजूत. ती समजूत प्रत्येक घरात खरी असतेच असे नाही, एवढे सांगण्यासाठी आजचा हा प्रपंच.

याच रस्त्याने पुढे गेले की आनंदवल्ली लागते. आज तिथे सुखवस्तू माणसांची वस्ती आहे, गंगेकाठी नवश्या गणपतीचे देऊळ आहे आणि चतुर्थीला दर्शनाची रांग आहे. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, हे बाहेरगावच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.) या गावाचे मूळचे नाव चौंधस. राघोबादादांनी पत्नीच्या नावावरून त्याला आनंदवल्ली म्हटले. नाव केवढे गोड! पण त्या घराण्याच्या इतिहासात 30 ऑगस्ट 1773 ही तारीख आहे. त्या दिवशी पुण्याच्या शनिवारवाड्यात कोवळ्या नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द राघोबादादांना दोषी धरले. आनंदीबाईंनी चिठ्ठीत ‘ध’ चा ‘मा’ केला हा प्रवाद खरा की खोटा, यावर आजही वाद झडतात.

मला मात्र त्या घराण्यातली दुसरी एक गोष्ट नेहमी आठवते. राघोबादादांचा थोरला मुलगा अमृतराव हा दत्तक होता, आणि ही गोष्ट कोणी कधी लपविली नाही. पुढे राघोबांच्या पोटचा मुलगा दुसरा बाजीराव. त्यानेही ब्रह्मावर्तास 1827 साली नानासाहेबांना दत्तक घेतले ते साऱ्या जगासमक्ष. म्हणजे पाहा, ज्या घराण्याने खुनावर पांघरूण घालण्याची खटपट केली, त्या घराण्याला दत्तक मात्र लपविण्याजोगा वाटला नाही! आपण आजचे सुविद्य लोक. आपल्या घरात खूनबिन होत नाहीत. पण दत्तकाची गोष्ट आपण अशी दडवितो की विचारू नका.

आमच्या कॉलनीतलेच उदाहरण सांगतो. ज्यांची ही हकीकत, त्यांनी स्वतः होऊन लिहायची परवानगी दिली आहे; नावे गाळण्याचे मात्र मी वचन दिले आहे. तेव्हा आपण त्यांना अप्पा आणि माई म्हणू. अप्पांचे घर म्हणजे कॉलनीचा आदर्श. कधी आवाज चढलेला ऐकू आला नाही. दिवाळीचा पहिला आकाशकंदील त्यांच्या गच्चीवर लागायचा आणि माईंच्या चकल्यांचा डबा सगळ्यांच्या आधी घरोघर पोचायचा. मुलगा एकुलता एक. हुशार, सालस, पुढे इंजिनियर झाला आणि आईवडिलांना सोडून परगावी गेला नाही. आमच्या मंडळींच्या तोंडी तर “जरा त्यांच्याकडे बघा!” हे वाक्य इतके बसले होते की अप्पांच्या सज्जनपणाचा मला अधूनमधून रागच यायचा.

अप्पा वारले. दहाव्या दिवशी रामकुंडावर मी बरोबर होतो. विधी आटोपल्यावर गुरुजींनी लाल फडक्यात बांधलेली नामावळीची वही काढली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: नाशिकच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी असतात. मूळ गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी नेमके पान उघडतात. कोण, केव्हा, कशासाठी आले, बरोबर कोण होते, हे ज्याचे त्याने स्वहस्ते लिहिलेले असते. आजोबा-पणजोबांचे मोडी अक्षर पाहून भल्याभल्यांचे डोळे पाणावतात.

अप्पांच्या मुलाने पान उलटले. वडिलांचे वळणदार अक्षर त्याने लगेच ओळखले. 1983 सालची नोंद होती, अप्पांच्या वडिलांच्या अस्थी आणल्या तेव्हाची. खाली लिहिले होते, ‘सोबत पत्नी व दत्तक पुत्र’, आणि पुढे याचे नाव.

तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला. मग वही मिटून त्याने ती गुरुजींच्या हाती दिली. सही केली नाही. घाटाच्या पायऱ्या चढताना त्याने मला एवढेच विचारले, “काका, तुम्हांला ठाऊक होतं?”

मला ठाऊक नव्हते. आम्ही कॉलनीत राहायला आलो तेव्हा हा पोरगा सायकल शिकत होता. पण पुढे कळले की जुन्या चार घरांना ठाऊक होते, पुण्याच्या मामींना होते, घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनाही होते. ठाऊक नव्हते ते त्याला एकट्याला.

“मी दत्तक आहे याचं काही नाही हो,” तो नंतर एकदा म्हणाला. “पण बाबांना हे परक्याच्या वहीत लिहिता आलं आणि मला सांगता आलं नाही, हे कसं विसरू?”

मी माईंना भेटलो. त्या रडल्या नाहीत, हातातली वात वळीत म्हणाल्या, “सांगणारच होतो. आधी तो लहान होता. मग दहावी आली, मग बारावी. मग वाटलं, नोकरी लागू दे. मग लग्न ठरलं. मग सांगायला तोंडच उरलं नाही. पण त्या वहीत खोटं लिहवेना त्यांना. पितरांसमोरची वही ती.”

वाचकहो, माईंना किंवा अप्पांना दोष देणे सोपे आहे. मी मात्र विचार करू लागलो की ही लपवाछपवी आपल्यात आली कोठून? आपली जुनी रीत तर अगदी उलट. दत्तक घ्यायचा म्हणजे चारचौघांना बोलावून, होम करून, मूल ओटीत घेऊन, साखर वाटून. झाशीच्या गंगाधररावांनी 1853 साली मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला तो इंग्रज अधिकाऱ्याला समोर बसवून. आपल्या नाशिक जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या गोपाळ नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला 27 मे 1875 रोजी खंडेराव गायकवाडांच्या विधवा राणी जमनाबाईंनी मांडीवर घेतले आणि तो सयाजीराव महाराज झाला. शेतकऱ्याघरचा मुलगा दत्तक आला म्हणून बडोद्यात कोणाची मान खाली गेली नाही. उलट त्या मुलाने सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून बडोद्याची मान उंच केली. कोकणस्थ घराण्यांचे कुलवृत्तांत चाळा. पानोपानी दत्तक गेलेल्यांच्या आणि आलेल्यांच्या नोंदी सापडतील.

यात एक मेख आहे, तीही सांगितली पाहिजे. हे जुने दत्तक बहुधा भाऊबंदांतले, नात्यागोत्यातले असत. कुळ ठाऊक, जात ठाऊक, आईबाप ठाऊक. लपवायचे काय? 1956 साली हिंदू दत्तकाचा कायदा झाला. मुलगी दत्तक घेता येऊ लागली आणि बाईला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. 1962 च्या दुरुस्तीने, ज्याच्या आईबापांचा पत्ताच नाही असे मूलही न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देण्याची वाट कायद्यात स्पष्ट झाली. घारपुरे घाटावरच्या आमच्या आधाराश्रमासारख्या संस्थांतून मुले घरोघर जाऊ लागली. कायदा पुढे गेला, घराचा उंबरठाही मोठ्या मनाने पुढे आला. शेजाऱ्यांची जीभ मात्र होती तिथेच राहिली. ‘कोणाचं असेल हो?’ हा एक प्रश्न, आणि ‘तिला काही झालं नाही वाटतं?’ हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या धाकाने सुशिक्षित जोडपी गाव बदलू लागली, बाई चार महिने माहेरी जाऊन मूल घेऊन परतू लागली.

आणि ज्यांनी भ्यायचे खरे कारण होते, ते भ्याले नाहीत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा आपला केला. त्या काळच्या पुण्यात याहून मोठा बोभाटा कोणता? त्यांनी तो मुलगा उजळ माथ्याने वाढविला. जोतीरावांनी 1887 साली मृत्युपत्र केले, त्यात यशवंतला वारस केले. यशवंत डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना ज्याच्या दवाखान्यात नेत होत्या तो दवाखाना याच मुलाचा.

आता कोणी म्हणेल, न सांगता निभावले तर काय बिघडले? बाबांनो, आता निभावत नाही. शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकात रक्तगटाचा धडा आहे. ‘ओ’ गटाच्या माणसाला ‘एबी’ गटाचे मूल जवळजवळ कधीच होत नाही, हे पोरे घरी येऊन आईबापांच्या कार्डांवर ताडून बघतात. डॉक्टर विचारतात, घरात कोणाला साखर आहे का, हृदयविकार आहे का? अप्पांचा हा चिरंजीव वडिलांच्या मधुमेहाच्या धास्तीने दहा वर्षे बिनसाखरेचा चहा पीत होता! हे सांगताना तो हसला. नंतर गप्प बसला, कारण आपल्या खऱ्या आईबापांना काय आजार होते, हे डॉक्टरला सांगायला त्याच्याजवळ काहीच नाही.

दत्तकाच्या 2022 च्या नियमांनी अठरा वर्षांवरील दत्तक मुलाला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करण्याची वाट दिली आहे. मात्र जन्मदात्यांची गुप्तता सांभाळूनच. म्हणजे उत्तर मिळेलच असे नाही, पण विचारण्याचा त्याचा अधिकार सरकारनेही मानला आहे. या क्षेत्रातल्या जाणकार बायका एकच गोष्ट परोपरीने सांगतात: मूल तीन-चार वर्षांचे असतानाच गोष्टीतून सांगायला लागा. एके दिवशी खुर्चीवर बसवून ‘तुला एक महत्त्वाचं सांगायचंय’ अशी वेळच येऊ देऊ नका. श्रीकृष्ण देवकीचा आणि यशोदेचाही, हे आपल्या पोरांना बोबडे बोलतानाच कळते आणि त्याचे त्यांना यत्किंचितही नवल वाटत नाही.

अप्पांच्या घरात दोन महिने अबोला होता. वरच्या मजल्यावरून खाली जेवणाचा डबा यायचा, माणूस यायचे नाही. नातीचे मात्र वरखाली चालू होते; सहा वर्षांच्या पोरीला अबोला कोण शिकविणार? तिनेच एकदा विचारले, “बाबा, आजीवर रागावलात का?” त्या रात्री तो खाली गेला. मायलेकरांत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. नंतर माईंनी त्याला एक जुना डबा उघडून दाखविला, एवढे मला ठाऊक आहे. त्यात संस्थेतून आणताना त्याच्या अंगावर होते ते झबले आणि न्यायालयाचा कागद जपून ठेवला होता. वर्षश्राद्धाच्या आधी तो रामकुंडावर जाऊन आला. गुरुजींकडून वही मागून घेतली आणि वडिलांच्या नोंदीखाली आपल्या हाताने, ‘दत्तक पुत्र’ हे शब्द न गाळता, आपले, पत्नीचे आणि मुलीचे नाव लिहिले.

राग गेला का? सगळा गेला नाही, असे तो म्हणतो, आणि मला ते खरे वाटते.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाची गडबड असेल, मुलांचा मातीचा किल्ला वाळत असेल. तुमच्या घरी असे ओटीत घेतलेले मूल असेल आणि ‘पुढे सांगू’ म्हणून तुम्ही थांबला असाल, तर करंज्या भरताना त्याला जवळ बसवा आणि त्याला घरी आणले त्या दिवसाची गोष्ट सांगा. गाडीत ते रडले की झोपले, आजीने तुकडा कसा ओवाळला, पहिल्या रात्री कोण जागले. आणि तुमच्या शेजारी असे घर असेल, तर तुम्ही एवढेच करा: ते दोन प्रश्न विचारू नका.