मिरगाच्या किड्याला पाय किती?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पहिला पाऊस पडून जातो. मराठवाड्यात मृगाचा मिरग होतो, म्हणून ओल्या मातीवर फिरणारा तो लालभडक, मखमली जीव मिरगाचा किडा. पोरे तो तळहातावर घेतात. बोट लागले की पाय आखडून मण्यासारखा निपचित पडतो, जरा वेळाने पुन्हा चालू लागतो. असा किडा काडेपेटीतून वर्गात आला, तर शिक्षकाने काय करावे? ‘टाकून दे तो बाहेर’ हे सगळ्यात सोपे. आमचा आग्रह असा की फळ्यावरचे काम थांबवावे आणि एवढेच विचारावे: याला पाय किती?

मुले मोजतात. किडा चालत असतो, त्यामुळे चुकतात, पुन्हा मोजतात. शेवटी आठ भरतात. नावात किडा असला तरी तो कीटक नाही. सहा पाय, शरीराचे तीन भाग आणि डोक्यावर दोन मिशा असतील तर कीटक. मिरगाचा किडा कोळ्या-विंचवाच्या गोतातला. पुस्तकातली व्याख्या पाठ करून घेण्याआधी हातात आलेल्या जिवाने ती शिकवली, तर पोर ती जन्मभर विसरत नाही. हा अंक आम्ही कीटक-ओळखीच्या वर्गखेळांना दिला आहे तो यासाठीच.

आष्टी म्हटले की कुणाला बीड जिल्ह्यातली आठवते, कुणाला वर्ध्याची. हे खेळ मांडताना आमच्या डोळ्यांपुढे आहे ती जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातली आष्टी. हा कापूस, सोयाबीन, तुरीचा मुलूख. जालन्याच्या मोसंबीला तर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. इथल्या शाळेतले बहुतेक पोर संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या बांधावर असते. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात मात्र त्याच्या बांधावरचे किडे क्वचितच सापडतात.

ही उणीव साधी नाही. 2008 मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर राज्यात क्रॉपसॅप हा कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. शेतात जाऊन किडी मोजायच्या आणि मग सल्ला द्यायचा, ही त्यामागची कल्पना. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणती अळी, किती, आणि तिला खाणारे कोणी आहे का, हे न पाहता पंप पाठीवर चढतो, तेव्हा पैसा जातो आणि कधी जीवही. मुलांनी घरी जाऊन बापाला फवारणी शिकवावी असे आम्ही म्हणत नाही. ते ओझे पोरांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण पाहण्याची सवय लागलेला मुलगा मोठेपणी पंप उचलण्याआधी पान उलटून बघेल, इतकी आशा आपण धरायला हरकत नाही.

आता खेळाकडे येऊ. ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र’ महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात खेळला गेला आहे. तोच वर्गात घ्यावा. सगळ्यांची बोटे जमिनीवर. शिक्षक म्हणतात, ‘नाकतोडा सहा!’ बोटे वर. ‘मुंगळा सहा!’ वर. ‘कोळी सहा!’ इथे निम्म्यांची बोटे वर जातात आणि हशा पिकतो. घरच्या खेळात चुकणारा बाद होतो. वर्गात कुणालाही बाद करू नये, हे आम्ही ठासून सांगतो. चुकणाऱ्यालाच अधिक पाहायची गरज असते. त्यालाच आपण बाहेर बसवले तर खेळ कोणासाठी घेतला? ज्याची बोटे चुकून वर गेली, त्याच्या हाती भिंग द्यावे आणि कोपऱ्यातल्या जाळ्यातल्या कोळ्याचे पाय मोजायला पाठवावे.

दुसरी पायरी चिठ्ठ्यांची. एकाने किड्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी उचलायची, बाकीच्यांनी फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल तेच प्रश्न विचारायचे. पंख आहेत का? दोनच आहेत का? वरचे पंख ढालीसारखे टणक आहेत का? तोंडाला सोंड आहे का? कीटकशास्त्रज्ञ नमुना ओळखताना अशाच प्रश्नांच्या फांद्यांवरून उतरत जातात. इथे आपली बोलभाषाही मजेशीर पेच टाकते. पांढरी माशी ही माशी नाहीच. खऱ्या माशीला दोन पंख, हिला चार, आणि ही सोंडेने रस शोषणारी, माव्याची नातलग. मधमाशीलाही चारच पंख. उलट लाल कोळी नावाप्रमाणे खरोखर कोळ्याच्या गोतातला, आठ पायांचा. मोसंबीच्या फळांवर तांबूस चट्टे पाडणारा कोळीही त्याच गोतातला, आणि नेहमीची कीटकनाशके कोळ्यांवर पुष्कळदा चालत नाहीत. सहा की आठ हा प्रश्न शेतात पैशाचा होतो तो असा.

चिठ्ठ्यांवरचे किडे आपल्याच शिवारातले हवेत, हा आमचा दुसरा आग्रह. केंब्रिजच्या संशोधकांनी 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ब्रिटिश प्राथमिक शाळांतल्या मुलांना परिसरातल्या प्राणी-वनस्पतींची आणि पोकेमॉनची चित्रे दाखवली. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन सुमारे 78 टक्के ओळखले, खरे जीव 53 टक्के. मुलांची स्मरणशक्ती अफाट आहे, ती कशाने भरायची एवढाच प्रश्न. त्या पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत हिंडे, आणि त्या छंदातूनच त्याला हा खेळ सुचला. आपल्याकडेही बाभळीचा पाला घालून काडेपेटीत सोनकिडा जपणारी पिढी अजून हयात आहे. सोनकिडा बाभळीवर असतो, हे तिला कुणी शिकवले नव्हते.

मोसंबीच्या, लिंबाच्या किंवा परसातल्या कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर बारकाईने पाहिले, तर पाखराची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. तो हलतो. लिंबावरच्या फुलपाखराची ती अळी. काही दिवसांत ती हिरवीगार होते, मानेवर डोळ्यांसारखे डाग उमटतात. काडीने हलकेच डिवचली की डोक्यामागून दुभागलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. वर्गात बरणीत कढीपत्त्याची डहाळी ठेवून हे सगळे पाहता येते. दोन-तीन आठवड्यांत कोष फुटून फुलपाखरू बाहेर येते, तो दिवस वर्ग विसरत नाही. म्हणूनच चिठ्ठी फक्त फुलपाखराची नको; अंडी, अळी आणि कोष यांच्याही चिठ्ठ्या करून जोड्या लावायला द्याव्यात. ढालकिड्याच्या बाबतीत तर हे फार जरुरीचे आहे. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा सगळ्यांना गोड वाटतो. त्याची अळी मात्र काळपट, काटेरी, इवल्याशा सुसरीसारखी. तीच पानामागे बसून मावा फस्त करत असते. तिला कीड समजून मारणारे हात आपल्याकडे कमी नाहीत.

खेळताना शिक्षकाची परीक्षा होईल, हेही सांगून ठेवतो. एखादी मुलगी अळीचे पाय सोळा मोजेल. ती बरोबर आहे. पुढचे सहा खरे पाय, मागचे मांसल आधारपाय. उंटअळीला हे आधारपाय कमी, म्हणून ती पाठीची कमान करून चालते आणि तिला उंटाचे नाव मिळाले. दुसरा मुलगा रुईवरच्या तांबूस फुलपाखराचे पाय चारच आहेत म्हणून सांगेल. त्यालाही खोटे ठरवू नका. या कुळात पुढची जोडी आखडून ब्रशसारखी झालेली असते. राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावे दिली, तेव्हा या कुळाला कुंचलपाद म्हटले ते यावरूनच. पुस्तकात सहा लिहिले आहे म्हणून मुलाच्या डोळ्यांना दिसलेले चार आपण खोडून काढले, तर पुढच्या वेळी तो मोजणारच नाही.

‘मलाच नावे येत नाहीत, मी काय शिकवू?’ अशी शिक्षकांची अडचण आम्ही नेहमी ऐकतो. हरियाणातल्या जिंद जिल्ह्यात निडाना गावी कृषी अधिकारी डॉ. सुरेंदर दलाल यांच्याबरोबर शेतकरी बायका कापसाच्या शेतात बसून किडे पाहायला शिकल्या. कोण पाने खातो, कोण रस पितो, कोण दुसऱ्या किड्याला खातो, हे आधी नोंदवले गेले. शास्त्रीय नावाची वाट पाहत त्या थांबल्या नाहीत. आपणही थांबू नये. मुलांनी ठेवलेले नाव चिठ्ठीवर लिहावे, खाली जागा कोरी सोडावी. खरे नाव सहायक कृषी अधिकाऱ्याकडून, परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून किंवा जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातून मागाहून मिळेल.

काही पथ्ये मात्र पाळावीत. किडा टोचायचा नाही, चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचा नाही. बरणीत पाहून झाले की जिथून आणला तिथेच सोडायचा. आणि केसाळ अळी, गांधीलमाशी, विंचू यांना हात लावायचा नाही. फवारणी झालेल्या शेतात तर पाऊलही टाकायचे नाही.

या पावसाळ्यात आपल्या वर्गाने केलेल्या चिठ्ठ्यांतली वीस नावे आम्हाला जरूर पाठवा. प्रत्येक नावापुढे गाव, किडा ज्या पिकावर किंवा झाडावर सापडला ते, आणि मुलांनी स्वतः मोजलेले पाय लिहा. नाव बोलीतलेच ठेवा, आम्ही ते सुधारणार नाही.